आधी साधी, मग आंब्याची

एप्रिल, तिसरा शनिवार. अंधेरी.

ताज्या बिअरच्या बारमध्ये पाटीवर खडूने ‘हापूस’ लिहिलेलं दिसलं तरी पहिला ग्लास त्याचा मागवायचा नाही. ती आंब्याची बिअर ज्या साध्या बिअरवर बेतली आहे, ती आधी १०० मिलि घ्यायची. बहुधा ती गव्हाची असते. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला यीस्टमुळेच, म्हणजे साखर खाऊन मद्य बनवणाऱ्या सूक्ष्मजीवामुळेच, पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. आंबवण १८ अंशांच्या आसपास झालं तर लवंग पुढे, २२च्या वर गेलं तर केळं पुढे. हे माहीत नसलं की केळ्याचा वास आंब्याच्या नावावर खपतो. साधी पिऊन मग आंब्याची घेतली, की आंब्याने नेमकं काय केलं ते जिभेला उमगतं.

आंब्याची बिअर गोड असावी ही अपेक्षाच चुकीची. गराची साखर यीस्ट खाऊन टाकतं. मागे उरतो तो वास, थोडा आंबटपणा आणि किंचित जाडसरपणा. लिटरला १५० ग्रॅम गर आणि गरात १५ टक्के साखर धरली, तर साडेबावीस ग्रॅम साखर आंबते. मूळ बिअर ४.८ टक्के मद्यार्काची असेल तर गरामुळे ती आधी पातळ होते, मग साखरेमुळे चढते आणि शेवटी ५.४च्या आसपास थांबते. पाटीवर दोन्हींचे आकडे लिहिलेले असतात, ते ताडून पाहावेत. आकडा तोच किंवा कमी आणि बिअर गोडमिट्ट, तर गर शेवटी थंड बिअरमध्ये ढवळला आहे किंवा बाटलीतला अर्क आहे. अर्काचा वास ओळखणं सोपं: तो आंब्याच्या गोळीसारखा नाकात आधी येतो आणि घोट गिळल्यावर काहीच उरत नाही. खऱ्या गराची बिअर नाकाला थोडी कंजूष वाटते, चव मात्र मागे रेंगाळते.

गर उशिरा घालणं हा गुन्हा नाही, पण जोखीम आहे. यीस्ट जिवंत असेल आणि केग (बिअरचं धातूचं पिंप) मुंबईच्या उन्हात तासभर टेम्पोत राहिला, तर आत पुन्हा आंबवण सुरू होतं. नळ उघडला की फेसच फेस. बारवाला ‘गॅस जास्त झालाय’ म्हणतो तेव्हा दर वेळी दोष गॅसचा नसतो.

आणखी एक गंमत. आंब्यात आणि हॉप्समध्ये, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांमध्ये, मिर्सिन नावाचं एक सुगंधी द्रव्य दोन्हीकडे सापडतं. सिट्रा, मोझॅक या जातींचे हॉप्स शेवटी भरपूर घातले की एक फोडही न घालता आंब्याचा भास होतो. त्यामुळे पाटीवर फळ आहे की फक्त हॉप्स, हे विचारून घ्यावं. फळाच्या बाबतीत आमचं मत पायरीच्या बाजूने. हापूस आमरसात राजा. पण साखर निघून गेल्यावर जे उरतं त्यात पायरीचा आंबटपणा जास्त कामाला येतो. पाटीवर ‘पायरी’ लिहिलं तर गिऱ्हाईक वळत नाही, एवढीच अडचण.

मे, दुसरा आठवडा. लोअर परळ.

मुंबईतलं पहिलं ब्रूपब (बिअर तिथेच बनवणारा बार) याच भागात, मथुरादास मिल कंपाउंडमध्ये, २०१३ साली सुरू झालं. पुण्याने त्याआधी २००९ मध्येच ‘डूलाली’ हे ब्रूपब पाहिलं होतं. हे नाव नाशिकजवळच्या देवळालीचं. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहून गोरे सोल्जर भ्रमिष्ट होत, त्यावरून ‘डूलाली टॅप’ हा शब्दप्रयोग इंग्रजीत गेला. त्यातला ‘टॅप’ म्हणजे नळ नव्हे, आपला ताप.

ब्रूपब आणि टॅपरूम यातला फरक चव घेणाऱ्याने लक्षात ठेवायचा. ब्रूपबमध्ये काचेमागच्या टाक्यांतलीच बिअर ग्लासात येते. टॅपरूममध्ये ती दुसरीकडे बनून केगमधून येते. केगची बिअर वाईट नसते, फक्त तिथे एक प्रश्न जास्तीचा विचारावा लागतो: हा केग कधी जोडला? गव्हाच्या आणि फळांच्या बिअरला ताजेपणाच सर्वस्व. काळ्या, भाजक्या चवीच्या स्टाउटला आठवडाभर इकडेतिकडे चालतं.

ग्लासाबद्दल. फ्रीझरमध्ये गोठवलेला ग्लास उन्हाळ्यात फार आग्रहाने देतात, तो परत करावा. काचेवरच्या बर्फामुळे फेस उसळतो, बर्फ वितळून बिअर पातळ होते आणि जीभ बधिर पडते. साधा स्वच्छ ग्लास, गार पाण्याने विसळलेला, एवढंच हवं. ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास तेलकट आहे. स्वच्छ ग्लासात दर घोटाला फेसाची एक कडी काचेवर मागे राहते. घोट मोजता येतात.

नळातून बिअर ३-४ अंशांना येते. फिकट, हलकी पिल्सनर तशीच प्यावी. गव्हाची ६ ते ८ अंशांना खुलते, स्टाउट १० ते १३ला. मे महिन्यात थर्मामीटर नको. १०० मिलिचा ग्लास तळहातात धरला की गव्हाची काही मिनिटांत जागेवर येते. क्रम असा: पिल्सनर, साधी गव्हाची, फळाची, आंबट, मग आयपीए (हॉप्स भरपूर घातलेली कडू बिअर) आणि शेवटी स्टाउट. आयपीए आधी घेतली तर तिचा कडवटपणा पुढच्या सगळ्यांवर बसतो. रंगावरून क्रम लावू नये. फिकट दिसणारी आयपीए काळ्या स्टाउटपेक्षा दुप्पट कडू असू शकते.

चकणा म्हणून मसाला शेंगदाणे आणि शेजवान काहीही, चव घेऊन संपेपर्यंत लांब. ओठाला लागलेलं तेल फेस मारतं. साधे कुरमुरे आणि बर्फाविना पाणी पुरे.

जून, शेवटचा आठवडा. खार.

कोकमाची गोझे. ही आंबट-खारट बिअर मूळची जर्मनीतल्या गोस्लारची: गहू, धणे, मीठ आणि आंबटपणा. कोकणातल्या माणसाला ही यादी परकी वाटू नये. सोलकढीपासून दोन पावलांवरच आहे.

आंबटपणा येतो तो असा. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, काढा उकळून ४० अंशांच्या आसपास आणतात, त्यात लॅक्टोबॅसिलस (दह्यातल्यासारखे जंतू) सोडतात आणि २४ ते ४८ तास झाकून ठेवतात. तत्त्व विरजणाचंच. पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ३.३च्या आसपास उतरला की पुन्हा उकळून जंतू मारतात, मग यीस्ट. इथपर्यंतचा आंबटपणा दह्याचा, मऊ. कोकमाचा त्याहून टोकदार. दोन्ही एकत्र आले की प्रमाण चटकन बिघडतं. दुसऱ्या घोटाला दात आंबले तर बिअर बनवणाऱ्याने कोकमाच्या आंबटपणाचा हिशेब धरलेला नाही असं समजावं.

कोकम कुठल्या रूपात घातलं हे विचारलं तर बरंच कळतं. ताजे रातांबे एप्रिल-मेमध्येच मिळतात, त्यांचा रंग सुंदर गुलाबी. आमसुलांचा रंग गडद आणि चव थोडी सुकामेव्याकडे झुकलेली. आगळ वापरलं तर सावध राहावं: त्यात आधीच भरपूर मीठ असतं. गोझेला लिटरमागे ग्रॅमभर मीठ पुरतं. त्यावर आगळाचं मीठ चढलं की बिअर समुद्राचं पाणी होते. आणि बिया! कोकमाच्या बीत तेल असतं, त्याचंच कोकम बटर होतं. बिया ठेचून गेल्या तर फेस अर्ध्या मिनिटात बसतो. गुलाबी, सपाट, सरबतासारखी दिसणारी गोझे मिळाली तर संशय बियांवर घ्यावा. आधी ग्लास मात्र तपासावा.

पावसाळ्यात रिकामा ग्लास हुंगायची सवय लावावी. दमट फडक्याने पुसलेल्या ग्लासाचा कुबट वास बिअरवर जातो आणि बिचाऱ्या यीस्टला बोल लागतो.

गटारी, आणि नंतर.

याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, पण ताजेपणाचं गणित मुंबईत पंचांगाशीही बांधलेलं आहे. आषाढ अमावस्येच्या आठवड्यात बिअर इतकी खपते की केगपासून नळापर्यंतच्या नळ्यांत शिळी राहायला वेळच नसतो. धोका उलटा असतो: मागणीसाठी टाकी दोन दिवस आधी खाली केली जाते. मग कच्च्या सफरचंदाचा वास येतो, किंवा सिनेमागृहातल्या बटर पॉपकॉर्नचा. पॉपकॉर्नवाल्या द्रव्याला डायअसिटिल म्हणतात. आंबवण संपत आलं की बिअर दोन-तीन दिवस थोडी उबदार ठेवली तर यीस्ट ते स्वतःच आवरून घेतं. घाईत नेमके तेच दिवस कापले जातात.

श्रावणात चित्र पालटतं. गर्दी ओसरते, एकच केग बरेच दिवस चालतो. डायअसिटिल तेव्हाही भेटतं, पण आंबट झाकेसह. तेव्हा ते टाकीतून नव्हे, नळीत वाढलेल्या जंतूंमुळे आलेलं असतं. नळ्या दर १४ दिवसांनी कॉस्टिक सोड्याने धुवायच्या असतात. कुठे धुतात, कुठे नाही, हे श्रावण उघड करतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअरला हवा लागली आहे. उकडलेल्या कणसाचा आला तर काढा पुरेसा उकळलेला नाही. बँडेजपट्टीचा आला तर बहुधा पाण्यातलं क्लोरीन कोळशाच्या फिल्टरमधून नीट गाळलं गेलेलं नाही.

दोष सापडला तर शांतपणे ग्लास परत करावा, दुसऱ्या नळाची मागावी. ‘चांगली नाही’ म्हणण्यापेक्षा ‘पॉपकॉर्नचा वास येतोय’ म्हटलं की आतला माणूस लगेच बाहेर येऊन स्वतः हुंगतो.

३ ऑक्टोबर. कुलाबा.

कालचा ड्राय डे. म्हणजे आज पहिला ग्लास घ्यायचा नाही. हिशेब साधा आहे. पाव इंची नळीत दर मीटरला सुमारे ३० मिलि बिअर मावते. केग ठेवायची कोल्डरूम १० मीटरवर असेल तर ३०० मिलि, म्हणजे दुपारी उघडलेल्या नळाचा पहिला ग्लास जवळजवळ सगळा नळीत दीड दिवस बसलेला. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीही तेच. चांगला बारवाला न सांगता पहिला ग्लास मोरीत ओततो. न ओतणाऱ्याकडे तासाभराने जावं.

पाटीवर ‘ऑक्टोबरफेस्ट’. म्युनिकच्या त्या जत्रेची ही बिअर म्हणजे मेर्झेन, नाव मार्चवरून. जर्मनीत ती वसंतात करून उन्हाळाभर गार ठेवत. भाजलेल्या पावाच्या कडेसारखी चव, ६ टक्क्यांच्या आसपास. मोसमी बिअर म्हणून ती इथे थोडी अवघडच आहे: म्युनिकला तेव्हा थंडी सुरू होते, आपल्याकडे ऑक्टोबर हीट. अर्धा ग्लास पुरे. लागर (गारव्यात सावकाश आंबणारी बिअर) असल्याने हिला चार ते सहा आठवडे टाकी अडवून ठेवावी लागते, म्हणून छोट्या ठिकाणी कधीकधी त्याच नावाखाली दोन आठवड्यांत उरकलेली एल (उबेत लवकर आंबणारी बिअर) मिळते. एलला फळाचा हलका वास असतो. मेर्झेनला तो असता कामा नये.

डिसेंबर, दुसरा रविवार. केम्प्स कॉर्नर.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी नळावर आली. फळांमध्ये ही सगळ्यात लबाड. आंबवणात रंग उडतो, वासही पटकन जातो. आंब्याइतकं प्रमाण घातलं तरी हाती फिकट नारिंगी पाणी. दाट गुलाबी रंग आणि जॅमचा वास दिसला तर त्यात बीट किंवा अर्क असण्याची शक्यता धरावी. खरी असेल तर केग जोडल्यापासून पहिल्या आठवड्यातच घ्यावी. इथेही साधी आधी, कारण या बिअरमध्ये फळापेक्षा मूळ गव्हाचाच भाग जास्त बोलतो.

शेजारच्या नळावर कॉफी स्टाउट. ती नायट्रोजनवर असेल तर फेस सायीसारखा येतो आणि ग्लासात ढगासारखा खाली उतरताना दिसतो. तो पूर्ण बसेपर्यंत हात लावायचा नाही, आणि बसल्यावरही थोडी ऊब यावी म्हणून दहा मिनिटं ग्लास टेबलावर तसाच राहू द्यायचा.