वार्डोला जाताना एक दिवस वाऱ्याच्या नावाने सोडा

नॉर्वेच्या नकाशावर किनाऱ्याने बोट वर वर नेत गेलात की शेवटी देश उजवीकडे वळतो आणि रशियाला जाऊन टेकतो. त्या टोकाला वारांगर द्वीपकल्प आहे आणि त्याच्या कडेला वार्डो नावाचं बेटावरचं गाव. वस्ती दोन हजारांच्या आसपास, अक्षांश 70च्या वर आणि रेखांश इस्तंबूलच्याही पूर्वेला. समोर बॅरेंट्स समुद्र. पक्ष्यांचं वेड असलेली माणसं इथवर येतात ती होर्नोयासाठी. बंदरातून बोटीने जेमतेम दहा मिनिटांवरचं हे बेट समुद्रपक्ष्यांच्या कड्यासाठी प्रसिद्ध आहे.

चूक सगळे एकच करतात. सुट्ट्या मोजून वार्डोत एक रात्र धरतात: सकाळी होर्नोया, दुपारी पुढचा रस्ता. पण बोट वेळापत्रकापेक्षा लाटांचं जास्त ऐकते. बेटावरचा धक्का लहान आहे, पाणी उसळत असलं की बोट त्याला लागत नाही. लख्ख ऊन पडलंय, गावात झुळूकही नाही आणि फेरी मात्र रद्द, असंही होतं, कारण ती लाट दूर कुठल्या तरी वादळाची असते. ‘यर’ या नॉर्वेच्या हवामान अ‍ॅपवर पाऊस नंतर बघा, आधी वाऱ्याचे झोत आणि लाटांची उंची बघा. दोन रात्री हव्यातच, तीन मिळाल्या तर उत्तम. पोहोचलात त्याच दिवशी बोट जात असेल तर जेवण राहू दे, बोट पकडा. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत सूर्य मावळतच नाही, त्यामुळे अंधार पडेल ही भीती नाही. शिवाय कडा पश्चिमेकडे, म्हणजे वार्डोकडे तोंड करून आहे. सकाळी तो सावलीत असतो, फोटोसाठी दुपारनंतरचीच वेळ बरी.

महिना निवडताना काय बघायचंय ते आधी ठरवा. गिलेमॉट हे काळे-पांढरे समुद्रपक्षी फेब्रुवारीच्या शेवटी, मार्चमध्ये कड्यावर परतू लागतात, रंगीत चोचीचे पफिन त्यांच्यामागून एप्रिलच्या सुमाराला. मे-जूनमध्ये अंडी आणि पिल्लं. जुलै सरता सरता कडे रिकामे व्हायला लागतात. ऑगस्टमध्ये स्वस्त तिकीट मिळालं म्हणून पफिन बघायला गेलात तर रिकामी बिळं बघून परत याल.

बोटीतून उतरताना टोपी किंवा जॅकेटचं हूड डोक्यावर असू द्या. हे थंडीसाठी सांगत नाही. डोक्यावरून हजारो पक्षी ये-जा करत असतात आणि त्यांची विष्ठा अंगावर पडतेच. कॅमेऱ्यालाही पावसाळी कव्हर घाला. मोठी लेन्स लागेलच असं नाही, 100-400 मिमीची झूम लेन्स पुरते. शॅग नावाचे हिरव्या डोळ्यांचे पाणकावळे वाटेलगतच घरटी करतात, त्यांना तर मोबाइलही चालतो. बेटावर दुकान नाही, तेव्हा पाणी, खाणं सोबत घ्या आणि स्वच्छतागृहाचं काम गावातच उरकून या.

खरी गंमत गिलेमॉट ओळखण्यात आहे. साधा गिलेमॉट आणि ब्रुनिखचा गिलेमॉट एकाच कड्यावर दाटीवाटीने उभे असतात, दोघेही काळे-पांढरे, आणि नवखा माणूस तिथेच हात टेकतो. आधी चोच बघा. ब्रुनिखची चोच आखूड आणि जाड, वरच्या चोचीच्या कडेने पांढरी रेघ. मग छाती: ब्रुनिखमध्ये पांढरा रंग गळ्याकडे टोकदार होऊन काळ्यात घुसतो, साध्यात तो गोलसर संपतो. तिसरी खूण पाठीची. उन्हात साधा गिलेमॉट चॉकलेटी दिसतो, ब्रुनिख काळाच राहतो. डोळ्याभोवती चष्म्यासारखं पांढरं कडं असलेला एखादा दिसला तर नवी जात सापडली म्हणून हुरळू नका, तो साध्याचाच एक प्रकार.

गिलेमॉट घरटं बांधत नाही. उघड्या कपारीवर एकच अंडं, तेही पेरूसारखं एका टोकाला निमुळतं. उतरत्या खडकावर ते गोल अंड्यापेक्षा नीट टेकतं. पण पक्षी दचकून एकदम उडाले तर अंडं गडगडतं किंवा टपून बसलेला कुरव ते उचलतो. म्हणून कड्याखाली ओरडणं नको, एकाएकी उठणं नको. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झालं की धड उडता येत नसतानाच समुद्राकडे झेप घेतं आणि खाली बाप त्याला हाका मारत असतो. पफिनची बिळं गवताळ उतारावर असतात. आखलेल्या वाटेबाहेर पाय टाकलात तर छत खचून अंडं आतच चिरडेल.

बर्ड फ्लूचं गांभीर्य ठेवा. 2023च्या उन्हाळ्यात वारांगरमधल्याच वाद्सो गावाच्या परिसरात किटिवेक कुरव हजारोंनी मेले. मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका, बूट धुतल्याशिवाय दुसऱ्या वसाहतीत जाऊ नका आणि बेट बंद असल्याची सूचना लागली असेल तर हुज्जत घालू नका.

मार्च-एप्रिलमध्ये जाणार असाल तर बंदरं सोडू नका. सायबेरियात वीण करणारी स्टेलर्स आयडर बदकं तोवर इथे असतात, वाद्सो आणि वार्डोच्या धक्क्यांजवळही दिसतात. आख्खा थवा एकदम बुडी मारतो, पाणी मोकळं होतं आणि काही सेकंदांत सगळे बुचासारखे वर येतात. तेव्हा दुर्बीण खाली घेऊ नका. मात्र या दिवसांत वादळात रस्ता बंद होतो, किंवा बर्फ काढणाऱ्या गाडीमागे रांगेनेच जावं लागतं.

गावासाठी अर्धा दिवस ठेवा. स्टाइलनेसेटचं स्मारक 2011 सालचं, 17व्या शतकात फिनमार्क या नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या प्रांतात चेटकाच्या आरोपावरून मारल्या गेलेल्या 91 जणांचं. लांबलचक अंधाऱ्या बोळात प्रत्येकासाठी एक खिडकी, एक दिवा. बाहेर आलं की वारा पुन्हा कानात शिरतो. वसंतात कॉड वाळवायचे लाकडी मांडव दिसले तर जवळ जाऊन बघा. आपल्याकडे दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टाकतात. इथे दोन कॉड शेपटीला शेपटी बांधून दांडीवर लटकवतात. मीठ नाही. शून्याच्या आसपासची थंडी आणि वारा एवढ्यावर काम होतं. कडाक्याने गोठलं तर मांस भुसभुशीत होतं, ऊब वाढली तर माश्या बसतात.

रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेस गावाहून वार्डो मोटारीने सुमारे 245 किलोमीटर, नुसतं चालवायला साडेतीन तास धरा. शेवटचा टप्पा समुद्राखालचा बोगदा, 1982चा, नॉर्वेतला अशा प्रकारचा पहिला. रविवारी बहुतेक किराणा दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच सामान भरा. रेनडिअर रस्त्यावर येतात आणि एक दिसला की मागे कळप असतो. थांबा, हॉर्नने ते गाडीच्या पुढे पुढेच पळतात. धडक बसलीच तर पोलिसांचा 02800 हा क्रमांक लावा, जखमी जनावर टाकून जाऊ नका.

वार्डोहून हामनिंगबर्गचा 40 किलोमीटरचा रस्ता हिवाळ्यात बंद असतो, बहुधा मेमध्ये उघडतो. उभ्या सुऱ्यांसारखे खडक, मधूनच वाळूचा किनारा, आणि शेवटी माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने केलेल्या 1944च्या जाळपोळीतून वाचलेली लाकडी घरं. कायमची वस्ती कधीच उठली, आता घरमालक उन्हाळ्यापुरते येतात. गाडी लावताना तोंड वाऱ्याकडे करा. पाठीमागून झोत आला की उघडलेलं दार पुढे फेकलं जातं आणि बिजागरीच वाकते.