मावशीची ॲसिडिटी

आज सकाळी सातपासून मावशीसोबत परळला, हॉस्पिटलात. आठ महिने आम्ही ‘ॲसिडिटी’च म्हणत होतो. दोन घासांत पोट भरायचं, ब्लाउज ढगळ होत चाललेले. एका ठिकाणी एंडोस्कोपी केली तर रिपोर्ट नॉर्मल! 11 वर्षांपूर्वी तिला स्तनाचा कॅन्सर झाला होता, हे तिथे कोणी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही, हेही खरंच. “तो विषय संपला ना गं,” असं तिचं म्हणणं.

आज डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे चित्र काढलं. तिच्या स्तनाच्या कॅन्सरचा प्रकार लोब्युलर, म्हणजे दूध तयार करणाऱ्या ग्रंथींच्या नावाचा. यातल्या पेशींना एकमेकींना धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन बहुतेकदा नसतं. मग गाठ होण्याऐवजी त्या मुंग्यांसारख्या रांगेने जठराच्या भिंतीत शिरतात. वरचं अस्तर ठीकठाक दिसू शकतं, तपासणीसाठी तुकडा खोलवरचा घ्यावा लागतो. तो स्तनाच्या गाठीच्या जुन्या स्लाइड्सशी ताडून पाहिला, इस्ट्रोजेन हार्मोनला पकडणारे रिसेप्टरही सापडले. म्हणजे पोटात नवीन काही नाही, स्तनाचं जुनंच दुखणं तिथे पोचलेलं. जठर काढायचं नाही, हार्मोनवरच्या गोळ्या सुरू.

मावशीने सगळं शांतपणे ऐकलं. बाकावर बसून डबा उघडला, मऊ भाताचे चार चमचे खाल्ले.

“तूप कमी घातलंस.”