तुम्ही विचारलंत म्हणून: गोंगमिनच का?

कोरियन मालिका बघणारे हटकून विचारतात, "बायको गेल्यावर वेडा झालेला तो गोर्योचा, म्हणजे जुन्या कोरियाचा, राजा गोंगमिन तुम्हाला एवढा का आवडतो?" आवडतो असं मी कधी म्हटलं? पण कुणी वेडा म्हटलं की राग येतो, हे खरं.

तुम्ही सगळे गोष्ट 1365 पासून सुरू करता, नोगुक राणी बाळंतपणात गेली तिथून. मी 1363 पासून करीन. चीनमधून आलेल्या लाल पागोटेवाल्या बंडखोरांच्या हातून राजधानी सुटली होती, पण राजा अजून वाड्यात परतला नव्हता. हुंगवांग विहारात मुक्काम होता. रात्र सरायच्या आत मारेकरी शिरले, पहारेकरी पळाले. एका खोजाने राजाला पाठुंगळी मारून राजमातेच्या खोलीत दडवलं. दुसरा, आन दो-जोक, चेहऱ्यामोहऱ्याने राजासारखा. तो राजाच्या अंथरुणावर पडून राहिला आणि राजा समजून मारला गेला. दडवलेल्या खोलीच्या दारात नोगुक जाऊन बसली. मंगोल राजघराण्याची लेक ती. तिला ओलांडायची कुणाची छाती झाली नाही. सेनापती छ्वे योंग फौज घेऊन आला तेव्हा कुठे सुटका. कट रचणारा निघाला किम योंग, राजा चीनमधल्या मंगोलांच्या युआन दरबारात ओलीस होता तेव्हापासूनचा सोबती! त्याला देहदंड झाला, तरी राजा त्याच्या आठवणीने रडला: आता भरवसा कुणाचा धरू?

दोन वर्षांनी दारात बसणारीही गेली.

आणि तरी 1366 मध्ये शिन दोन या भिक्षूला पुढे करून त्याने बड्या घराण्यांनी बळकावलेल्या जमिनी सोडवायला घेतल्या, जबरदस्तीने गुलाम केलेल्यांना मोकळं केलं. हे वेड्याचं काम? बरं, राणीच्या चित्रासाठीचं मंदिर अरुंद वाटलं म्हणून दुसरीकडे नव्याने बांधायला काढलं, त्यात रयत भरडली गेली, तेही सांगतो. शेवटच्या वर्षांत राजाने दरबारात ठेवलेल्या देखण्या पोरांची भानगड ज्या 'गोर्योसा'त, म्हणजे गोर्योच्या अधिकृत इतिहासात आहे, तो ग्रंथ मात्र गोर्यो संपवणाऱ्या चोसन घराण्याने 1451 मध्ये पुरा केला. पूर्वी मी एवढ्यावर विषय मिटवायचो.

मुलगी मिटू देत नाही. म्हणते, "बाबा, दारात बसलेली राणीसुद्धा त्याच 'गोर्योसा'तली. हवं ते घ्यायचं आणि नको ते चोसनच्या माथी?" शिवाय 1374 मध्ये त्याला मारलं ते एका खोजाने आणि त्याच पोरांपैकी हाँग र्युनने. आणि 1371 मध्ये शिन दोनचं डोकं राजानेच उडवायला लावलं, ते कशात बसवायचं? मला बसवता येत नाही. वेडा मात्र मी म्हणणार नाही.