खासदार निधीतून अभ्यासिका: शिफारस मिळाली, फाईल अडली ती जागेच्या कागदावर

गावातली भरतीची तयारी करणारी मुलं-मुली पारावर बसून अभ्यास करायची, म्हणून अभ्यासिकेसाठी आम्ही खासदार निधी मागितला. शिफारस सहज झाली, गावात पेढेही वाटले गेले. पण शिफारस म्हणजे मंजुरी नव्हे. केंद्राचा हा निधी प्रत्येक खासदारामागे वर्षाला ५ कोटी असतो, तरी खासदार फक्त काम सुचवतात. तपासणी आणि मंजुरी जिल्हा प्रशासनाची.

तिथेच फाईल परत आली. शेरा होता, ‘जागेचा सातबारा जोडलेला नाही.’

आमची जागा गावठाणातली, जुन्या चावडीला लागून. गावठाणातल्या घरजागांना स्वतंत्र सातबारा नसतोच. ग्रामपंचायतीचा नमुना ८ आम्ही जोडला होता. टेबलावरच्या साहेबांनी तो बाजूला सारला. “ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही.” ठीक, मग पुरावा कोणता? पुन्हा तेच, “सातबारा आणा.” तलाठी भाऊसाहेब म्हणाले, “जो उतारा निघतच नाही तो मी कुठून देऊ?” या टेबलावरून त्या टेबलावर, उन्हाळा असाच गेला. तिकडे मुलं विचारायची, “ताई, काम कधी सुरू होणार?” काय सांगणार?

शेवटी सरपंचताई खुर्ची ओढून बसल्या. “साहेब, कोणता कागद चालेल तेवढं फाईलवर लिहून द्या. त्याशिवाय मी उठत नाही.” मग फाईल वरच्या साहेबांकडे गेली आणि एका ओळीत उत्तर आलं: ‘मिळकत पत्रिका सादर करावी.’ म्हणजे गावठाणातल्या जागेचं प्रॉपर्टी कार्ड. गावठाणातल्या जागा मोजून हे कार्ड देणाऱ्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत आमच्या गावठाणाची ड्रोनने मोजणी आधीच झाली होती. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात पत्रिका तयार होती, धारक म्हणून ग्रामपंचायतीचं नाव स्वच्छ छापलेलं! ही एक ओळ पहिल्याच दिवशी लिहायला काय हरकत होती? हा राग अजून गेलेला नाही.

त्यानंतर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता सगळं सुरळीत झालं. सरपंचताईंचा मला फार अभिमान वाटतो.

तुम्ही या वाटेला जाणार असाल तर खासदारांकडे जायच्या आधी जागेचा कागद हातात घ्या. तोंडी उत्तरावर परत फिरू नका, आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. देवळाच्या आवारातली जागा सुचवली जाते, आमच्याकडेही सुचवली होती. धार्मिक स्थळाच्या जागेत हा निधी चालत नाही. ग्रामसभेच्या ठरावात देखभाल ग्रामपंचायत करेल हे स्पष्ट लिहा, ती हमी मागतातच. आणि हो, तुमच्या लोकसभेच्या खासदारांचा निधी त्या वर्षी संपला असेल तर राज्यसभेच्या खासदारांना भेटा. महाराष्ट्रातून निवडून गेलेले राज्यसभा सदस्य राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्यातलं काम सुचवू शकतात.