गुरुजींचा फोन

मुंबईत घर बघायला गेलेला माणूस आधी स्टेशन किती लांब ते विचारतो. मी शेजारच्या मावशींना विचारलं, "सव्वीस जुलैला पाणी कुठवर आलं होतं?" २००५ साली त्या एका दिवसात सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती आणि आमचं गावठाण त्याच पट्ट्यात येतं. कागदोपत्री कोळेकल्याण, बोलण्यात कालिना. मावशींनी ओट्याची दुसरी पायरी दाखवली. घराचा उंबरठा त्याच्या बराच वर होता. निम्मा निर्णय तिथेच झाला.

उरलेला निम्मा वारसांच्या सह्यांसाठी खोळंबला. घर ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबाचं, प्रॉपर्टी कार्डावर आजोबांचं नाव, नातवंडं आखातात आणि कॅनडात. एकेकाचं मुखत्यारपत्र येईपर्यंत माझा धीर सुटत आला होता. खरेदीखत माझ्या एकटीच्या नावावर केलं, कारण बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. नवरा अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की मी इथे बायकोचा भाडेकरू आहे.

पैसा बहुतेक माझाच. मी एमटीएनएलमध्ये, म्हणजे सरकारी टेलिफोन कंपनीत होते. ३१ जानेवारी २०२० ला हजारो लोक एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले, त्यात मीही. नोकरीची सुरुवात ट्रंक एक्स्चेंजला, म्हणजे परगावचे फोन जोडण्याच्या खात्यात झाली होती, कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांची माणसं जोडून द्यायची. शेवटची वर्षं तक्रारींच्या १९८ नंबरवर गेली. घरी बसणं जमणारं नव्हतं. खाली आम्ही दोघं आणि वर पाहुण्यांच्या दोन खोल्या, असं निवास-न्याहारीचं घर सुरू केलं. केंद्र सरकारच्या अशा घरांसाठीच्या योजनेत सहा खोल्या आणि बारा खाटा ही कमाल मर्यादा आहे. आमची झेप त्याच्या तिसऱ्या हिश्श्याची. मालकाने त्याच घरात राहायला हवं ही अट मला सगळ्यात आवडली. कारण हा धंदा खोल्यांचा नाहीच, घरात कोणीतरी जागं असण्याचा आहे.

मुंबई बघायला आमच्याकडे जवळपास कोणीच येत नाही. सुरुवातीला मी वरच्या खोलीत घारापुरीचा आणि गेटवेचा फोटो लावला होता. तो एकाही पाहुण्याने निरखून पाहिल्याचं आठवत नाही. येतात ते कामाला जुंपलेले लोक. परळच्या टाटा रुग्णालयात तपासणी असलेले, विद्यापीठात प्रबंधाची तोंडी परीक्षा असलेले, पहाटेच्या विमानाने पोराकडे निघालेले. आणि सगळ्यात जास्त अमेरिकेच्या व्हिसावाले. ही वकिलात ब्रीच कँडीहून २०११ मध्ये बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात आली, त्यामुळे आमचं गावठाण तिच्या शेजारात आलं. एरवी रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं. जुलैमध्ये देवाच्या मनात असेल तितकी.

व्हिसाचे पाहुणे न्याहारी करत नाहीत, हे मी लवकरच शिकले. रांगेत असताना बाथरूमला जावं लागलं तर काय, या धास्तीने पाणीसुद्धा पीत नाहीत. मुलाखतीच्या सकाळी मी त्यांच्या हातावर दहीसाखर ठेवते आणि उपमा झाकून ठेवते. परत आल्यावर तोच उपमा ते असे खातात, की रात्रीचंही जेवले नव्हते की काय अशी शंका यावी.

तर एका जुलैमध्ये परभणीकडचे एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या पत्नी आल्या. मुलगी न्यू जर्सीत, दिवस भरत आलेले, बाळंतपणाला जायचं म्हणून व्हिसा. आदल्या दिवशी दुसऱ्या केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे देऊन आले होते. गुरुजींच्या प्लॅस्टिकच्या फायलीत सातबारा, पेन्शनचं पुस्तक, ठेवींच्या पावत्या, मुलीच्या लग्नातले फोटो, सगळं अनुक्रमांक घालून लावलेलं. वकिलातीत मोबाइल चालत नाही. दारात कोणाकडे तरी पैसे देऊन ठेवावा लागतो, नाहीतर घरी ठेवून जावं लागतं. सकाळी निघताना गुरुजींनी फोन माझ्याजवळ दिला. "ताई, वाजला तर घ्या बरं का. लेक असंल. सांगा, येतोत आम्ही दुपारपर्यंत."

त्याच दिवशी पर्यटन खात्याची माणसं घराच्या पाहणीला यायची होती. पाऊस सकाळपासून लागलेला. मी जिना पुसत होते, नवरा नळाखाली बादली धरून गरम पाणी किती वेळात येतं ते मोजत होता, आणि गुरुजींचा फोन वाजला. परक्याचा फोन उचलायला हात धजेना. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला.

"बाबा?"

"बाबा गेलेत मुलाखतीला. मी त्या घरातली काकू बोलतेय."

मुलगी हसली. तिच्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. झोप येत नव्हती म्हणे. आईने दही खाल्लं का, बाबांनी चष्मा नेला का, छत्री होती का, एकेक विचारत राहिली. मी सगळ्याला हो म्हटलं. छत्री खरोखरच आमची दिली होती.

पाहणीला एक साहेब आणि एक मॅडम आले. खोल्या पाहिल्या, पलंगाच्या गाद्या दाबून पाहिल्या, प्रथमोपचाराची पेटी उघडून आतल्या औषधांच्या तारखा वाचल्या. अग्निशामक नळकांडं एकच आणि तेही खाली, वर दुसरं हवं, असं मॅडमनी लिहून घेतलं. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांच्या आत त्याच्या नोंदीचा सी फॉर्म भरता का, हे विचारलं. मग पाहुण्यांची वही मागितली. आमच्या वहीत नाव, पत्ता, ओळखपत्र यांच्यानंतर 'येण्याचं कारण' असा रकाना आहे. मॅडम बोट फिरवत खाली खाली आल्या. व्हिसा, टाटा, व्हिसा, विमान, तोंडी परीक्षा, कोर्ट, टाटा, व्हिसा.

"अहो, पर्यटन कुठेय यात?"

साहेब म्हणाले, "कोर्टवाला तरी राणीबाग बघून गेला का?"

आम्ही हसत होतो आणि गुरुजींचा फोन पुन्हा वाजला. या वेळी जावई. आवाज चढलेला, मागे गाडीचा आवाज. वेळेच्या तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या होत्या, तो तिला घेऊन इस्पितळात निघाला होता. मग म्हणाला, "काकू, त्यांना यातलं काही सांगू नका. आले तरी. आई फार घाबरतात. सगळं झालं की मीच फोन करतो."

बरं म्हटलं आणि फोन पदराआड धरून पाहणीवाल्यांपुढे येऊन बसले. ट्रंक एक्स्चेंजला पी. पी. कॉल असायचा. जास्त पैसे भरून नावाने माणूस मागायचा, तोच माणूस आला तर लाइन द्यायची, दुसऱ्या कोणाला नाही. त्या कॉलमध्ये आम्ही लग्नं ठरलेली ऐकली, मोडलेली ऐकली, माणसं गेलेली ऐकली. घरी जाऊन एक अक्षर बोलायचं नाही, हे वरिष्ठ बायकांनी पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. इतक्या वर्षांनी ती शिस्त अशी कामी येईल असं वाटलं नव्हतं. पाहणीवाले चहा घेऊन गेले. मी त्यांना काय काय उत्तरं दिली ते नंतर नवऱ्याने सांगितलं तेव्हा कळलं.

गुरुजी आणि वहिनी बाराच्या सुमारास आल्या, गुडघ्यापर्यंत भिजून. बीकेसीत रिक्षा मिळेना म्हणून निम्मी वाट चालत. मी आधी त्यांच्या हाताकडे पाहिलं. व्हिसावाल्यांच्या घरात हे कळायला लागतं. पासपोर्ट हातात परत आला म्हणजे नकार, आणि ठेवून घेतला म्हणजे काम झालं. गुरुजींच्या हातात फक्त फाइल होती.

"ठेवून घेतला!" गुरुजी ओट्यावरूनच ओरडले. शेजारच्या मावशी खिडकीत आल्या.

फाइल कोणी उघडूनही पाहिली नव्हती, याचं त्यांना चांगलंच वाईट वाटलेलं दिसलं. अधिकाऱ्याने मराठीतच चार प्रश्न विचारले होते. परत कधी येणार, हा शेवटचा. गुरुजी म्हणाले होते, "ज्वारी काढायला आलंच पाहिजे साहेब, मजूर मिळत नाहीत." या व्हिसात खरी मेख हीच असते. माणूस परत येईल असं समोरच्याला पटलं नाही तर त्यांच्या कायद्याच्या २१४ (ब) कलमाखाली नकार. सातबाऱ्याच्या उताऱ्यापेक्षा मजूर मिळत नसल्याची तक्रार जास्त खरी वाटली असावी.

वहिनींनी पाय पुसता पुसता विचारलं, "फोन आला होता का?"

"आला होता. चष्मा नेला का विचारत होती."

यात खोटं काहीच नव्हतं. ऑपरेटर खोटं बोलत नाही, लाइन जोडत नाही इतकंच.

वहिनी लगेच फोन लावायला निघाल्या. तिकडे पहाटेचे तीन वाजले असतील, झोपू द्या तिला, असं मी म्हटलं, आणि नवऱ्याने नको तितक्या जोरात दुजोरा दिला. वहिनींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या काहीतरी समजल्या होत्या असं मला आजही वाटतं, पण मी विचारलेलं नाही. उपम्याने भागण्यासारखं नव्हतं, म्हणून मी पिठलं-भाताचा कुकर लावला. गुरुजी वकिलातीतल्या खिडक्यांचं वर्णन करत होते, कोणत्या खिडकीवरची बाई नकार देते आणि कोणत्या खिडकीवरचा तरुण हसतो, हे रांगेतल्या लोकांनी त्यांना पढवलेलं. मी ऐकल्यासारखं करत होते. फोन फ्रीजवर होता.

पानं वाढली आणि तो वाजला. मी उचलला, जावयाचा आवाज ओळखला आणि एक शब्दही न बोलता गुरुजींच्या उष्ट्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला तो उलटाच. मग नुसतं "हां... हां... हां..." आणि एकदम वहिनींकडे वळून, "मुलगी! दोघी बऱ्या हैत!"

वहिनी रडल्या, मग चिडल्या. दिवस भरायच्या आत कशी झाली, तिथे शेकायला कोण, अळीव कोण देणार, जावयाला साधा वरणभात तरी येतो का. गुरुजी म्हणाले, आता तरी जायचं का, बाळंतपण तर झालं! यावर वहिनींनी जे पाहिलं त्याने ते पुन्हा भाताकडे वळले.

संध्याकाळची गाडी त्यांनी सोडली नाही. पासपोर्ट परभणीला घरपोच यायचा होता. निघताना गुरुजींनी मला बाजूला घेऊन पाचशेची नोट पुढे केली, फोन सांभाळल्याबद्दल. घेतली नाही. एमटीएनएलमध्येही बक्षीस घेत नव्हतो. दुपारचं जेवण मात्र बिलात लावलं. न्याहारी खोलीभाड्यात असते, जेवण नसतं.