एका रिंगचं मैदान

आमच्या शाळेच्या बास्केटबॉल मैदानाला तेव्हा एकच रिंग होती. दुसऱ्या बाजूचा खांब वादळात वाकला, तो आमची दहावी होईपर्यंत तसाच राहिला. त्यामुळे आम्ही कायम अर्ध्या मैदानावर खेळलो, फक्कीने आखलेल्या रेषा पुसल्या जाईपर्यंत. संघात मी बारावा. बारावा म्हणजे बाकावरचा, पाण्याच्या बाटल्या सांभाळणारा. सामना मला अर्धाच दिसे, कारण समोर आमचे कोच, म्हणजे सर, उभे असत. टाइम-आउटला, म्हणजे मधेच खेळ थांबवून संघाशी बोलायच्या वेळी, ते असे ओरडत की शेजारच्या प्राथमिक शाळेतली पोरं खिडकीत गोळा व्हायची.

या बाकावर एक सवय लागली : खेळाडूंआधी कोचकडे बघायची.

2012 साली संशोधनासाठी नेदरलँड्समधल्या लायडनला आलो आणि ती सवय पुन्हा कामाला आली. फुटबॉलच्या या देशात बास्केटबॉल तसा धाकटा भाऊ. पण लायडनमध्ये त्याला मान आहे. तिथल्या संघाला तेव्हा एका आरोग्यविमा कंपनीचं नाव होतं, याचं मला फार हसू यायचं. कोच होते तोन फान हेल्फतरन. तरुणपणी ते स्वतः डच राष्ट्रीय संघातून खेळलेले. 2011 चं डच लीगचं विजेतेपद त्यांच्याच हाताखालचं. अंतिम मालिकेचा सातवा सामना, समोर ग्रोनिंगनचा संघ, तीन वेळा जादा वेळ आणि शेवटी 96-95. मी तो पाहिला नाही, पण गावात तो इतक्यांनी इतक्यांदा सांगितला की आता पाहिल्यासारखाच वाटतो. 2013 ला त्यांनी पुन्हा लीग जिंकली. डच मला जेमतेम कळायचं, तरी टाइम-आउट झाला की माझी नजर आपोआप त्यांच्याकडे जायची.

पुढे ते राष्ट्रीय संघाचे कोच झाले. डच संघ युरोपियन स्पर्धेत शेवटचा खेळला होता 1989 मध्ये, झाग्रेबला. 2015 ला त्यांनी तो पुन्हा तिथवर नेला, आणि गटातले सामने नेमके झाग्रेबलाच! पहिल्याच सामन्यात जॉर्जियाला 73-72 असं हरवलं. उरलेले सगळे हरले, हेही सांगायला हवं. पण सव्वीस वर्षांनी दार उघडलं, ते मला मोठं वाटतं.

त्या संघात वर्दी द याँग होता, लायडनमध्ये त्यांच्याच हाताखाली खेळलेला. (नाव खरंच वर्दी. आपल्या एनसीसीतल्या मुलांना आवडलं असतं.) ऑगस्ट 2024, पॅरिस ऑलिंपिक, थ्री-बाय-थ्रीची, म्हणजे तीन-तीन खेळाडूंच्या बास्केटबॉलची, अंतिम फेरी, समोर यजमान फ्रान्स. हा खेळ अर्ध्या मैदानावरचा. एकच रिंग! जादा वेळेत फ्रान्स 17-16 ने पुढे, आणि वर्दीने लांबून दोन गुणांचा बास्केट टाकला. 18-17, सुवर्णपदक. मी सोफ्यावर उभा राहून ओरडत होतो, बायको म्हणाली, शेजारी तक्रार करतील.

भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. सकाळी सरांना फोन लावला. सगळं सांगितलं, हेही की या प्रकारात सामना चालू असताना कोचला बाकावर बसू देत नाहीत, खेळाडूंनीच आपसात ठरवायचं.

सर जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "अरे, मग टाइम-आउटला ओरडलं कोण?"