गेमिंगसाठी लिनक्स निवडताना: माझा अनुभव

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरच्या डेस्कटॉपमध्ये सातव्या पिढीचा आय-५, म्हणजे विंडोज ११ च्या यादीत तो बसत नाही. एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड मात्र ठणठणीत. एवढ्यासाठी नवीन मशीन घेणं पटेना, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळलो.

कोणतं डिस्ट्रो (लिनक्सचा तयार प्रकार) घ्यावं हे दहा जणांना विचारलं तर दहा नावं येतात. मी आधी घरात खेळल्या जाणाऱ्या गेमची यादी केली आणि एकेक नाव प्रोटॉनडीबीवर तपासलं; कोणता गेम लिनक्सवर कसा चालतो हे खेळणारेच या साइटवर नोंदवतात. विचर ३, एल्डन रिंग, पुण्यात बनलेला राजी, सगळे चालतात. व्हॅलोरंट नाही. त्याचं व्हॅनगार्ड हे चीटिंग रोखणारं सॉफ्टवेअर विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, बसतं, त्यामुळे कुठलंही डिस्ट्रो घ्या, तो चालणार नाही. धाकट्या भावाला हे आधीच सांगून टाकलं. तो आता मित्राकडे जाऊन खेळतो.

लिनक्सवर विंडोजचे गेम चालवण्याचं खरं काम प्रोटॉन करतं. ते गेमचं दुकान स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचं आहे, आणि सगळ्या डिस्ट्रोंवर तेच असतं. त्यामुळे मला वेगापेक्षा बिघडलं तर कोण निस्तरणार हे महत्त्वाचं वाटलं. बझाइट, नोबारा आणि मिंट, तिन्ही डिस्ट्रो व्हेंटॉय या टूलने एकाच पेनड्राइव्हवर टाकून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून पाहिली. लाइव्हमध्ये वायफाय, आवाज, स्क्रीन एवढंच बघावं. तिथे एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर नसेल तर गेमचा अंदाज येत नाही.

बझाइट मनापासून आवडलं. स्टीम तयारच असतं, आणि अपडेट बिघडलं तर बूट मेनूतून आधीच्या आवृत्तीवर परतता येतं. मशीन फक्त गेमसाठी असेल तर मी डोळे झाकून तेच सुचवेन. पण आमच्या मशीनवर आई मराठीत टाइप करते, प्रिंट काढते. तिला मिंटचा मेनू पहिल्या दिवशीच कळला, म्हणून मिंट घेतलं.

इन्स्टॉल करताना मल्टिमीडिया कोडेकवर (ऑडिओ-व्हिडिओ चालवणाऱ्या फाइल) टिक केली की, सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरुवातीलाच रोखणारी सोय) चालू असल्यास, एक पासवर्ड ठेवायला सांगतात. रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो. घाबरू नका. एनरोल एमओके (मशीनच्या मालकाची की नोंदवणं) निवडून तोच पासवर्ड टाकायचा. मग ड्रायव्हर मॅनेजरमध्ये शिफारस केलेला एनव्हिडिया ड्रायव्हर निवडायचा, पुन्हा रीस्टार्ट, आणि स्टीमच्या कंपॅटिबिलिटी सेटिंगमध्ये व्हॉल्व्हने स्वतः न तपासलेल्या बाकीच्या गेमसाठीही प्रोटॉन चालू आहे ना ते बघायचं.

जुन्या एनटीएफएस (विंडोजची फाइल ठेवण्याची पद्धत) डिस्कवरचे गेम तिथूनच चालवायचा मोह होतो, कारण स्टीमला ते दिसतात. पण प्रोटॉन आपल्या फोल्डरमध्ये ज्या लिंक आणि फाइल बनवतं, त्या एनटीएफएसवर नीट टिकत नाहीत. गेम सुरू होतोसं वाटतं आणि बंद पडतो. मी सगळे गेम एक्स्ट४ या लिनक्सच्या पद्धतीच्या पार्टिशनवर हलवले. राजी पहिल्यांदा उघडताना शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत होते. स्किप न दाबता थांबलो, आणि गेम कुठेही न अडखळता चालला.